ओपियम की कोको

या पुस्तकाचा विषय एका वाक्यात सांगता येतो. चांगल्या परफ्यूमची एकच बाटली घेण्याइतके पैसे बाजूला काढले आहेत, ठसठशीत, उबदार, गोड आणि मसालेदार असाच वास हवा आहे, आणि समोर दोन नावे आहेत: ईव्ह सँ लोराँचे ओपियम आणि शनेलचे कोको. घ्यायचे कोणते?

दुकानात हा प्रश्न पाच मिनिटांत निकाली निघतो. कागदाच्या एका पट्टीवर एक फवारा, दुसऱ्या पट्टीवर दुसरा, दोन-तीनदा हुंगणे, आणि नाकाला जे आधी भावले ते पिशवीत. महिन्याभराने ती बाटली कपाटाच्या मागच्या रांगेत जाते, कारण घरी आल्यावर, अंगावर, भर दुपारी तो वास भलताच निघालेला असतो. लिंबा-संत्र्याच्या किंवा हलक्या फुलांच्या परफ्यूममध्ये पहिल्या फवाऱ्यावरून बऱ्यापैकी अंदाज येतो. या घराण्यात तो येत नाही. इथे मुख्य वास दोन-तीन तासांनी सुरू होतो, रात्रीपर्यंत टिकतो आणि कपड्यावर दुसऱ्या दिवशीही असतो. त्या वेळी अंगावर काय उरणार हे आधी ओळखायचे, तर परफ्यूममधली ऊब कुठून येते हे समजून घ्यायला हवे. ओपियमची ऊब लवंगेतून आणि डिंकांतून येते. कोकोची ऊब फुला-फळांतून येते आणि मसाला त्यांच्या मागे असतो. पुढची सगळी पाने या दोन वाक्यांचा विस्तार आहेत.

ही दोनच नावे निवडली, त्यालाही कारण आहे. दोन्ही परफ्यूम पॅरिसमध्ये सात वर्षांच्या अंतराने आली, ओपियम १९७७ साली आणि कोको १९८४ साली. दोन्हींच्या घटकांच्या याद्या शेजारी ठेवल्या तर मँडरिन संत्रे, धने, लवंग, गुलाब, जाई, पॅचुली, लॅबडॅनम, व्हॅनिला अशी बरीच नावे सारखी निघतात. यादी वाचून निवड करता येत नाही, हे दाखवायला याहून चांगली जोडी मला माहीत नाही. अंगावर ती दोन टोकांना जातात.

आधी ऊबेविषयी. एक लवंग दाताखाली धरून पाहावी. सुरुवातीला किंचित गोडसर, मग तिखट, मग जिभेचा तेवढा भाग बधिर. हे सगळे युजेनॉल या एका द्रव्याचे काम. लवंगेच्या तेलाचा बहुतांश भाग तेच असते, आणि दातांचे डॉक्टर ते अजूनही वापरतात. युजेनॉल नाकातल्या गंधपेशींना तर जागे करतेच, शिवाय चेहऱ्याची संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूपर्यंतही पोचते. त्वचेला कोमट-गरमपणा जाणवून देणाऱ्या ग्राहकांपैकी एक, टीआरपीव्ही ३ नावाचा, युजेनॉलनेही उत्तेजित होतो. दालचिनीतले सिनॅमाल्डिहाइड अशाच दुसऱ्या एका ग्राहकावर काम करते आणि चुरचुर निर्माण करते. म्हणजे मसाल्याचा वास उष्ण वाटतो तेव्हा शरीराला उष्णतेचा निरोप खरोखरच मिळालेला असतो. संत्र्या-मोसंब्याचा वास आवडला तरी त्यात ही जाणीव नसते.

मसाला लवकर चढतो आणि तासाभरात उतरू लागतो. त्यानंतरची ऊब डिंकांची. ऊद म्हणून संध्याकाळी निखाऱ्यावर आपण जो राळेसारखा पदार्थ टाकतो, त्यालाच परफ्यूमच्या धंद्यात बेन्झॉइन म्हणतात. तो लाओस आणि सुमात्राकडून येतो. (अरबी अत्तरांतला ऊद वेगळा, तो अगरूच्या लाकडाचा.) काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा हिराबोळ म्हणजे मर्‍ह, आणि त्याच्याच कुळातला, पण जास्त गोड, ओपोपॉनॅक्स. लॅबडॅनम भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या पानांवर पाझरतो. क्रीट बेटावर पूर्वी त्या झुडपांत चरून आलेल्या बकऱ्यांच्या दाढ्या विंचरून तो गोळा करीत. या द्रव्यांचे रेणू जड असतात आणि सावकाश उडतात. त्वचेच्या उष्णतेने ती तासन् तास थोडी थोडी सुटत राहतात, आणि आपण ज्याला परफ्यूमचा टिकाऊपणा म्हणतो तो मुख्यतः त्यांच्यामुळे असतो.

तिसरी ऊब गोडव्याची, आणि ती बरीचशी प्रयोगशाळेची देणगी आहे. विल्यम पर्किनने १८६८ साली कुमारिन कृत्रिम रीतीने तयार केले. टोंका बियांना जो वाळल्या गवताचा आणि बदामाचा वास असतो तो याच द्रव्याचा. टीमान आणि हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १८७४ साली सूचिपर्णी झाडांतल्या कोनिफेरिनपासून व्हॅनिलिन बनवले. तोवर व्हॅनिलाच्या शेंगा श्रीमंतांच्याच आवाक्यात होत्या. मग गेर्लां या पॅरिसच्या घराण्याने १८८९ साली झिकी काढले, त्यात ही दोन्ही द्रव्ये होती. १९२५ साली जाक गेर्लांचे शालिमार मोगल बागेचे नाव घेऊन आले, आणि व्हॅनिला, लॅबडॅनम, डिंक हा मेळ कायमचा रूढ झाला. या मेळाला धंद्यात अँबर म्हणतात. या साऱ्या घराण्याला शंभरेक वर्षे ‘ओरिएंटल’ म्हणत आले. अलीकडे, २०२१ च्या सुमारास, तो शब्द सोडून देऊन तिथेही अँबर लिहायला सुरुवात झाली, आणि ते योग्यच झाले.

आता ओपियम. ग्रासच्या रूर कंपनीतल्या जाँ आमिक आणि जाँ-लुई सिऊझाक यांनी ते रचले. त्याच्या आधीच्या पिढ्या शोधायच्या तर दोन नावे घ्यावी लागतील: १९३२ चे ताबू, ज्यात पॅचुली हात मोकळा सोडून ओतलेली होती, आणि १९५३ चे एस्टे लॉडरचे यूथ ड्यू, जे अंघोळीच्या पाण्यात टाकायचे तेल म्हणून बाजारात आले. ओपियमने त्या दोघांचा दाटपणा घेतला आणि त्यात मसाला असा पेरला की पुढची दहा वर्षे प्रत्येक मोठ्या घराण्याला आपले एक मसालेदार परफ्यूम असावे असे वाटू लागले. एस्टे लॉडरचे सिनाबार तर पुढच्याच वर्षी आले.

मनगटावर त्याचा पहिला झटका मँडरिनच्या सालीचा, मिऱ्यांचा आणि धन्यांचा असतो. धन्यांच्या तेलात लिनालूल भरपूर असते आणि ते फुलासारखे वास देते, म्हणून तो तिखटपणा कोरडा राहत नाही. दहा-पंधरा मिनिटांत लवंग सगळ्यांना बाजूला सारून पुढे येते. यादीत या जागी कार्नेशन असे फुलाचे नाव दिसेल, पण परफ्यूममधले कार्नेशन बहुधा युजेनॉल आणि आयसोयुजेनॉल यांतूनच उभे केलेले असते. फूल वाचले तरी नाकाला मिळते लवंगच. गुलाब आणि जाई आहेत, पण ती या मसाल्यात विरघळून जातात, वेगळी काढून दाखवता येत नाहीत. दुसऱ्या तासाला धूर चढतो: हिराबोळ, ऊद, टोलू बाल्सम. गोडा मसाला करताना दगडफूल, लवंग आणि दालचिनी तेलात पडली की जो कडवट-गोड घमघमाट सगळ्या घरात शिरतो, त्याच्याइतकेच ओपियम ऐसपैस आहे. ज्या खोलीत शिरेल ती त्याची होते. शेवटी, पाच-सहा तासांनी, तोच वास मऊ पडतो आणि व्हॅनिलाची भुकटी व चंदन मागे उरते. हा शेवटचा भाग फार सुंदर आहे. तिथपर्यंत थांबायची तयारी असणाऱ्यांनाच तो मिळतो.

त्याच्या नावावर मात्र बोलायलाच हवे, आणि मुंबईत वाढलेल्या कुणीही ते टाळू नये असे मला वाटते. बाटलीत अफू नाही. सँ लोराँना चीनचे, जपानचे, दूरच्या पूर्वेचे एक स्वप्न विकायचे होते. पिएर दिनाँ यांनी घडवलेली बाटली जपानी इन्रोवरून घेतली होती; सामुराई कमरेच्या पट्ट्याला लटकवून त्यात औषधे ठेवीत. लाखेसारखा तांबडा रंग, गोफ, गोंडा. अमेरिकेतल्या आगमनासाठी १९७८ साली न्यूयॉर्कच्या बंदरात पेकिंग नावाच्या जुन्या शिडाच्या जहाजावर थाटात मेजवानी झाली. चिनी वंशाच्या अमेरिकन नागरिकांनी याविरुद्ध निदर्शने केली आणि नाव बदलण्याची मागणी केली. ज्या पदार्थाने त्यांच्या पणजोबांच्या पिढ्या उद्ध्वस्त झाल्या, ज्याच्या विक्रीसाठी १८३९ ते १८४२ आणि पुन्हा १८५६ ते १८६० अशी दोन युद्धे त्यांच्या देशावर लादली गेली, त्याचे नाव प्रसाधनाच्या बाटलीवर मोहक म्हणून छापले गेले होते. नाव बदलले नाही. खप वाढला.

आपला या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईची बरीच संपत्ती त्या व्यापारातून आली. सर जमशेटजी जीजीभॉय यांनी कापूस आणि अफू यांच्या व्यापारात पैसा मिळवला आणि दानातही सढळ हाताने घातला. त्यांच्या नावाच्या रुग्णालयात आजही गरीब माणसे बरी होऊन घरी जातात. दान खरे होते आणि दुसऱ्या किनाऱ्यावरची हानीही खरी होती. ओपियमची बाटली हातात घेताना हे सगळे आठवलेच पाहिजे असा माझा आग्रह नाही. पण ज्यांना ते आठवते आणि म्हणून ती बाटली नको वाटते, त्यांच्या निवडीला मी फाजील हळवेपणा म्हणणार नाही. परफ्यूम रोज अंगावर घ्यायचे असते. त्याच्या नावाची अडचण वाटत असेल तर तोही निवडीचा पुरेसा आधार आहे.

कोकोचे नाव निरुपद्रवी आहे. गाब्रिएल शनेलला तरुणपणी, मुलँ गावातल्या कॅफेत गाणी म्हणत असताना मिळालेले ते टोपणनाव. तिचे निधन १९७१ साली झाले. १९७८ पासून शनेलचे परफ्यूम जाक पोल्ज यांच्या हाती आले, आणि कोको हे त्यांचे तिथले बायकांसाठीचे पहिले मोठे काम. पोल्जना धागा सापडला तो तिच्या ३१, रू काँबाँ इथल्या घरात. शनेल म्हटले की काळा-पांढरा साधेपणा डोळ्यांसमोर येतो. त्या घरात मात्र सोनेरी लाकूडकाम, स्फटिकांची झुंबरे, पुस्तकांनी भरलेल्या भिंती आणि कोरोमंडल पडदे आहेत. हे लाखेचे कोरीव पडदे चीनमध्ये बनत आणि आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांतून युरोपात जात, म्हणून त्यांना हे नाव. पोल्जनी परफ्यूममध्ये ते दालन आणले, आणि त्यात बाई वावरते आहे हे ते विसरले नाहीत. माझ्या मते कोकोचे सगळे मोठेपण इथे आहे.

फवारल्यावर मँडरिन आणि धने इथेही आहेत, पण त्यांच्या पाठोपाठ पीच येते, पिकलेले, रसाळ. मग गुलाब, आणि तो नुसता ताजा नाही, पाकात मुरलेला आहे. मिमोझाची मधाळ पूड आणि संत्र्याची फुले त्याच्या भोवती. लवंग आहे. ती गुलाबाच्या आत बसते आणि गुलाबाला धार देते. ओपियममध्ये फुले मसाल्यात बुडतात, इथे मसाला फुलांच्या आधाराने चालतो. खाली पॅचुली आणि लॅबडॅनम मिळून जुन्या चामड्याचा, वापरलेल्या लाकडी फर्निचरचा रंग देतात. पॅचुली हे आपल्या पाचेच्या कुळातले झुडूप. काश्मिरी शालींना कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांत हीच पाने घालून त्या युरोपात जात, आणि तिकडच्या बायकांना शालीइतकाच तो वासही आवडू लागला. टोंका आणि व्हॅनिला शेवटी येतात, पण गोडाचा थर जाड होऊ देत नाहीत. दिवसाअखेर कोको त्वचेच्या जवळ राहते. शेजारी बसलेल्याला कळते, खोलीभर होत नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की ओपियम जोरदार आणि कोको सौम्य, एवढाच फरक आहे. तसे नाही. कोकोही पहिल्या तासात चांगलेच दणकट असते. फरक दिशेचा आहे. ओपियम वेळेबरोबर कोरडे आणि धुरकट होत जाते, कोको वेळेबरोबर मऊ आणि चामडी होत जाते. ज्यांना देवघरातला, धुपाटण्याचा, जुन्या पेटाऱ्याचा वास ओढ लावतो त्यांचे मन ओपियमकडे जाईल. ज्यांना मसाला हवा पण फूल सुटायला नको, त्यांचे कोकोकडे.

यात एक मोठी अडचण आहे आणि पुस्तकातले सर्वात लांब प्रकरण तिच्यावर आहे. आज दुकानात मिळणारे ओपियम १९७७ चे नाही. ज्या द्रव्यांवर ते उभे होते तीच द्रव्ये काही लोकांच्या त्वचेला बाधतात. युरोपीय संघाने २००३ साली २६ सुगंधी द्रव्यांची यादी केली आणि ठरावीक प्रमाणापुढे ती वापरल्यास वेष्टणावर नाव छापणे सक्तीचे केले; युजेनॉल, आयसोयुजेनॉल, सिनॅमाल्डिहाइड, कुमारिन ही त्यातलीच. २०२३ साली ती यादी आणखी बरीच वाढवली. सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या स्वतःच्या मर्यादा याहून कडक आहेत, विशेषतः आयसोयुजेनॉलच्या बाबतीत. हे नियम मला मान्य आहेत. ज्याच्या मानेवर लाल चट्टे उठतात त्याला परंपरेचे कौतुक सांगण्यात अर्थ नाही. पण परिणाम सांगितलाच पाहिजे: ओपियमची मांडणी आणि बाटली २००९ मध्ये बदलली, आणि लवंगेचा तो पिळदार गाभा आता बराच पातळ लागतो. डिंकही आखडते झाले आहेत. जुन्या ओपियमविषयी आई-मावशीकडून ऐकून जी मुलगी आज काउंटरवर जाईल तिला तिने ऐकलेला वास मिळणार नाही. कोकोही बदलले आहे. त्याचा गाभा युजेनॉलवर कमी आणि गुलाब-पॅचुलीवर जास्त असल्याने, माझ्या नाकाला, त्याची पडझड कमी जाणवते.

नावांचा गोंधळही इथेच मिटवून टाकते. ब्लॅक ओपियम हे २०१४ साली आलेले वेगळेच परफ्यूम आहे, कॉफी आणि व्हॅनिलाचे, मिठाईकडे झुकणारे. कोको मादम्वाझेल (२००१) संत्रे आणि पॅचुलीचे, पुष्कळ हलके आहे, आणि कोको न्वार (२०१२) आणखी तिसरे. या पुस्तकात ज्यांची तुलना आहे त्यांच्या बाटलीवर नुसते ओपियम आणि नुसते कोको लिहिलेले असते. भेट म्हणून मागवताना हे चिठ्ठीवर लिहून द्यावे.

हवेचा विचार पॅरिसच्या पुस्तकांत मिळत नाही, म्हणून तो इथे थोडा जास्त केला आहे. उष्णता वाढली की द्रव्ये जलद उडतात. जे परफ्यूम डिसेंबरातल्या पॅरिसमध्ये कोटाच्या आत रात्रभर पुरवून पुरवून सुटते, ते मेमध्ये दादरला पहिल्या वीस मिनिटांत सगळे एकदम सुटते आणि दर्प वाटते. आपल्याकडे हे जुने शहाणपण आहे. अत्तर लावणारी माणसे उन्हाळ्यात वाळा आणि गुलाब काढतात, हिना आणि शमामा थंडीसाठी ठेवतात. शमामाचा उल्लेख ओघात आला असला तरी तो या विषयाच्या अगदी मध्यावर आहे. कनौजला तांब्याच्या डेगेत लवंग, जायफळ, जायपत्री, वेलदोडा, जटामांसी, नागरमोथा, कपूरकाचरी आणि दगडफूल अशी कितीतरी द्रव्ये पाण्यासह उकळतात, झाकण मातीने लिंपतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरवतात, आणि भपक्यात चंदनाचे तेल ती वाफ पिऊन घेते. पाणी काढून टाकून तेच तेल पुन्हा पुन्हा या कामाला लावतात. पॅरिसने रसायनशाळेच्या मदतीने जो उष्ण, गोड, मसालेदार मेळ बांधला, तो कनौजच्या कारागिरांनी चुलीवर बांधला होता. ज्यांना दोन्ही परफ्यूमांच्या किमती परवडत नाहीत त्यांनी मोहम्मद अली रोडवरच्या जुन्या अत्तरवाल्याकडे जाऊन खऱ्या चंदनाच्या बैठकीवरचा शमामा मागून पाहावा. तोही स्वस्त नसतो, पण तोळ्याच्या एका अंशात मिळतो आणि कानामागे फाया ठेवला की दिवसभर पुरतो.

हवेइतकाच विचार शेजाऱ्याचा. ही परफ्यूम गर्दीची नव्हेत. लोकलच्या डब्यात, लिफ्टमध्ये, एसी लावून खिडक्या बंद केलेल्या कचेरीत ओपियमचे चार फवारे म्हणजे इतरांच्या श्वासावर आक्रमण आहे. दम्याच्या माणसाला त्याने खरोखर त्रास होतो. एक फवारा, तोही कपड्याखाली, पोटावर किंवा गुडघ्यामागे, पुरे. रुग्णालयात भेटायला जाताना तोही नको. लग्नाच्या रात्री, नाटकाला, थंडीतल्या गच्चीवरच्या गाण्याला हात सैल सोडता येतो.

आता पारख कशी करावी ते. दुकानात पट्टीवर हुंगणे हा फक्त नको ते गाळण्याचा मार्ग समजावा. जे उरेल ते त्वचेवर घ्यावे, एका मनगटावर एक, दुसऱ्यावर दुसरे, आणि मनगटे एकमेकांवर घासू नयेत, वास मिसळतात. मग दुकानातून बाहेर पडावे. काउंटरवर कॉफीच्या बिया ठेवलेल्या असतात, त्यांनी नाक ताजे होते असा समज आहे. मोकळ्या हवेत जाणे किंवा स्वतःच्या कोपराच्या आत नाक खुपसणे तेवढेच उपयोगी पडते. पहिल्या अर्ध्या तासात मत बनवू नये. जेवणानंतर एकदा हुंगावे, झोपताना एकदा. शक्य असेल तर एखाद्या जुन्या सुती ओढणीवर दोन टोकांना दोन्ही फवारून ती रात्रभर खुंटीला लावावी. सकाळी ओढणी उचलली की ओपियमच्या टोकाला ऊद आणि व्हॅनिलाची भुकटी असते, कोकोच्या टोकाला सुकलेला गुलाब आणि चामडे. तुम्ही विकत घेणार आहात ते मुख्यतः हे. रेशमी साडीवर मात्र कधी फवारू नये, डिंकांचे आणि रंगाचे डाग निघत नाहीत. कानामागे लाली किंवा खाज आली तर पुढचा विचारच नको, मग परफ्यूम कितीही आवडो.

आणखी एक. आपल्याला आवडणारा वास आणि आपल्याला शोभणारा वास वेगळा असू शकतो, असे सांगणारे पुष्कळ असतात. माझा त्यावर विश्वास नाही. दिवसभर तो आपल्याच नाकाशी असतो. लाजऱ्या बाईला ओपियम चालत नाही, वयस्क बाईला पीच शोभत नाही, पुरुषाने कोको लावू नये, हे सगळे जाहिरातींनी घालून दिलेले कुंपण आहे. ओपियमची पुरुषांसाठीची आवृत्ती वेगळी निघते, तरीही बायकांचे ओपियम लावणाऱ्या पुरुषाच्या अंगावर लवंग आणि हिराबोळ फार देखणे होतात. कनौजची अत्तरे तर पुरुषांनीही शतकानुशतके लावली.

पुस्तकाची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचता येतील. ज्यांना द्रव्यांची गोडी आहे त्यांनी लवंग आणि डिंकांपासून सुरुवात करावी, ज्यांना फक्त खरेदी करायची आहे त्यांनी पारखीच्या प्रकरणाकडे सरळ जावे. इतके सांगून झाल्यावर मूळ प्रश्नाचे उत्तर प्रस्तावनेतच द्यायला हरकत नाही. एकच बाटली घ्यायची असेल, राहणे मुंबई, ठाणे, रत्नागिरी किंवा पणजीसारख्या दमट गावी असेल, आणि ती कचेरीपासून समारंभापर्यंत सगळीकडे चालायला हवी असेल, तर मी कोको घेईन, ओ द परफ्यूम, सर्वांत लहान बाटली. जुने ओपियम हे दोहोंतले थोर काम होते असे माझे ठाम मत आहे, पण आज शेल्फवर असलेल्या बाटलीत त्याचे थोरपण पूर्ण उरलेले नाही, आणि आपली हवा त्याच्या उरलेल्या गुणांनाही अर्ध्यावर गाठते. न्यू जर्सीत किंवा टोराँटोत राहणाऱ्या मराठी मैत्रिणींना मी उलटा सल्ला देते. तिथला हिवाळा लांब असतो, अंगावर लोकरीचे थर असतात, आणि ओपियमचा शेवटचा, व्हॅनिला-चंदनाचा तुकडा स्कार्फमध्ये दिवसेंदिवस राहतो. त्यांनी ओपियम घ्यावे. नाशिक-पुण्याच्या थंडीत दोन महिने तेच म्हणता येईल, पण दोन महिन्यांसाठी अख्खी बाटली नको. लहान कुपीत ओतून विकणारा भरवशाचा माणूस मिळाला तर पाच मिलिलिटर पुष्कळ झाले. बाटली कोणतीही असो, ती ड्रेसिंग टेबलावर खिडकीसमोर मांडू नये. मूळ खोक्यात घालून, कपाटाच्या अंधाऱ्या खणात ठेवावी, म्हणजे वर्षानुवर्षे बिघडत नाही.